दिवा लावणारा

कासिमभाईंनी कॅमेऱ्याच्या केबलचं बटण दाबलं आणि ते दाबलेलंच राहावं म्हणून त्याची फिरकी आवळून टाकली. कॅमेऱ्याचा पडदा आता उघडा होता. तिपाईला धक्का लागू नये म्हणून त्यांनी गच्चीच्या कठड्यावरचा हातही काढून घेतला आणि खाडीवरच्या काळोखात नजर लावली.

"अब्बा, अजून किती वेळ?" जिन्याच्या दारातून तस्नीमनं विचारलं.

"बोलू नको. येतंय."

आधी काहीच नव्हतं. मग दिसला न दिसला असा एक बारीक तारा सरकताना दिसला. सरकता सरकता तो फुगू लागला. शुक्राएवढा झाला, शुक्राहून कितीतरी मोठा झाला. खाली सोडून दिलेल्या मिठागरांच्या साचल्या पाण्यात त्याची एक पांढरी रेघ लखलखली आणि कोणी वात आत ओढून घ्यावी तसा तो मंद होत होत विझला. विमान गेलं की मागून घरघर येते. याच्या मागून काहीच आलं नाही.

तस्नीम सून. तिच्या नवऱ्याचा, रमीजचा, हा उद्योग. रमीज तेलाच्या जहाजावर होता. डेकवरून त्याला हा उजेड दिसला आणि पुढच्या बंदरातून फोन करून त्यानं बापाला सांगितलं, अब्बा, हे नवे उपग्रह आहेत, टेलिफोनचे. त्यांना आरशासारख्या गुळगुळीत, दाराएवढ्या पाट्या आहेत. पाटीवर ऊन पडलं आणि तुम्ही नेमके त्या कवडशात उभे असलात की हा उजेड दिसतो. कुठल्या दिवशी, कुठल्या गावातून, आकाशाच्या कुठल्या कोपऱ्यात दिसेल तेही आधीच कळतं. तस्नीम शिकवायची ती शाळा सुटली की ती वाशीच्या सायबर कॅफेत जाऊन जुईनगरच्या वेळा काढून आणायची.

कासिमभाई परकार मूळचे श्रीवर्धनकडचे. सगळं आयुष्य जहाजांवर सुकाणू धरण्यात आणि पहारा करण्यात गेलेलं. योकोहामाला घेतलेला जुना कॅमेरा त्यांनी कपाटातून काढला तो हौसेनं, पण पुढं पुढं ती हौस राहिली नाही. समुद्रावर काळोखात दिवा दिसला की त्यामागं माणूस असतो, हे त्यांना पहिल्या सफरीत शिकवलेलं. होडी असो, बोया असो, दीपस्तंभ असो, कोणीतरी तो लावलेला असतो. हा दिवा मात्र लागत होता, विझत होता, आणि त्याच्यामागं कोणी नव्हतं. ही गोष्ट त्यांच्या मनाला लागून राहिली होती. म्हणून ते फोटो काढत राहिले.

*

स्टेशनबाहेरच्या गाळ्यात बंडूचा स्टुडिओ होता. पहिला रोल त्यानं "कोरा आला, चाचा" म्हणून परत दिला होता. लग्नं आणि पासपोर्ट छापणाऱ्याला काळं आकाश कोरंच वाटणार. आता तो कासिमभाईंचे रोल स्वतः बसून छापायचा.

त्या दिवशी त्यानं पाकीट नुसतं हातात दिलं नाही. काउंटरच्या काचेवर त्यानं चार प्रिंट एकाशेजारी एक मांडले.

"चाचा, एक विचारू? हा कोण?"

वर आकाशात भाताच्या दाण्यासारखी, दोन्ही टोकांना निमुळती आणि मध्ये भरलेली ती रेघ होती. खाली मिठागरांचं पाणी राखी चमकत होतं. बंडूचं बोट पाण्यावर होतं. तिथं बांधावर एक काळी उभी खूण दिसत होती.

"खांब असेल," कासिमभाई म्हणाले.

"मलापण तेच वाटलं. पण बघा ना. हा पयला फोटो, दिवाळीच्या आसपासचा. खांब कुठाय? पार तिकडे, खाडीच्या तोंडाला. हा नंतरचा. हिथं. मग हा." बोट प्रिंटवरून प्रिंटवर सरकत आलं. "खांब चालत नाही ना, चाचा."

कासिमभाईंनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाकून पाहिलं. शेवटच्या फोटोत त्या खुणेला डोकं होतं, खांदे होते.

"कोणी जाता-येता आला असेल मध्ये."

"जाता-येता?" बंडू हसला, पण ते हसू टिकलं नाही. "तुम्हीच तर सांगितलंत मला. पडदा मिनिटभर उघडा असतो, चालणारं माणूस उमटतच नाही. जे हलत नाही तेच उमटतं."

ते खरं होतं. कासिमभाईंनी प्रिंट गोळा केले. मिनिटभर, दोन मिनिटं, श्वासाएवढंही न हलता काळोखात कोण उभं राहतं? त्यांना एकच उत्तर सुचलं आणि ते त्यांनी बंडूला सांगितलं नाही. पहाऱ्यावरचा माणूस उभा राहतो.

सकाळी ते मिठागराकडं गेले. खाडीलगत होऊ घातलेल्या रस्त्याचा मुरूम ओलांडला की जुने बांध लागत. मीठ पिकणं कधीच बंद झालेलं. कोंड्यांत, मिठाच्या त्या वाफ्यांत, काळं पाणी आणि कडेनं तिवर उगवलेले. फोटोतली जागा शोधायला वेळ लागला नाही. बांधावरच्या चिखलात अनवाणी पावलं होती. लहान, रुंद. चालत आल्याची पावलं उथळ होती, पण एका जागी दोन्ही टाचा खोल रुतल्या होत्या.

उजेड खाडीवर लागला होता. तो पाहणाऱ्याची बोटं खाडीकडं असायला हवी होती. ती उलट होती.

कासिमभाई त्या पावलांच्या मागं उभे राहिले आणि बोटांच्या दिशेनं त्यांनी मान वर केली. समोर त्यांची सोसायटी होती. गच्चीचा कठडा, पाण्याची टाकी, आणि टाकीशेजारची ती जागा, जिथं ते दर वेळी तिपाई लावत. इथून ती इतकी स्वच्छ दिसत होती, की तिथं उभ्या माणसाच्या हातातली केबलही दिसली असती.

*

"आता नका जाऊ वर," तस्नीम म्हणाली. फोटो तिनंही पाहिले होते. रमजान सुरू झाला होता. ती खजुराची बशी मांडत होती.

"मी काय पहिल्यांदा काळोखात उभा राहतोय?"

"तसं नाही अब्बा. हे जवळ येतंय."

कासिमभाईंनी रोजा सोडला, सूर्यास्ताची मगरिबची नमाज पढली आणि कॅमेऱ्याची पिशवी उचलली. तस्नीमनं डोक्यावरची ओढणी घट्ट केली आणि ती त्यांच्या मागोमाग जिना चढली.

"तुम्ही वर बघा," ती म्हणाली. "मी खाली बघते."

त्या संध्याकाळचा उजेड आजवरच्या सगळ्यांहून मोठा निघाला. कठड्याची पुसट सावली क्षणभर गच्चीवर पडली, असं कासिमभाईंना वाटलं. ते डोळे ताणून पाहत असतानाच तस्नीमची बोटं त्यांच्या दंडात रुतली.

"अब्बा. भिंतीपाशी. आपल्या कंपाउंडच्या."

त्यांनी खाली पाहिलं. पण नुकत्या विझलेल्या दिव्याचा हिरवा डाग डोळ्यांत राहिला होता. जिकडं पाहावं तिकडं तोच. तो ओसरला तेव्हा भिंतीपाशी गवत होतं, फुटक्या विटांचा ढीग होता. दुसरं काही नव्हतं.

"बाई आहे," तस्नीम म्हणाली. "म्हातारी. आकाशाकडं बघतसुद्धा नव्हती. तुमच्याकडं बघत होती. हात असा वर केला होता." तिनं आपला पंजा उचलून दाखवला. कोणाला थांब म्हणताना करतात तसा.

रात्री तिनं बाल्कनीचं दार लावून घेतलं आणि कडी दोनदा तपासली.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी घंटी वाजली. तस्नीमनं दार उघडलं आणि ती तशीच उभी राहिली.

बाहेर एक म्हातारी होती. आगरी पद्धतीनं गुडघ्यापर्यंत आवळून नेसलेलं लुगडं, अनवाणी पाय, पायांवर वाळलेला राखाडी चिखल. ती तस्नीमच्या खांद्यावरून आत पाहत होती.

"त्यो भाय हाय का घरान? गच्चीवरचा?"

कासिमभाई पुढं आले. "या. आत या, बाई."

ती आत आली नाही. उंबऱ्याबाहेर भिंतीला टेकून खाली बसली. तस्नीमनं आणलेलं पाणी तिनं एका दमात प्यायलं आणि तांब्या जपून खाली ठेवला. नाव विचारलं तर म्हणाली, गोजरा. रेल्वेच्या पलीकडल्या जुन्या गावातली. मिठागरं चालू होती तेव्हा याच बांधांवर तिनं जन्मभर मीठ ओढलं होतं.

"मी तुला रोज बघतंय," ती म्हणाली. "पयली तिकरून बघलं. मंग वाटलं, जवल जाव. खरा हाय का नाय ते बघाव."

"काय खरं आहे का नाही?"

"तूच त्यो दिवा लावतस ना?"

गोजराबाई घाई नसल्यासारखी बोलत राहिली.

"तू वर येतस. तीन पायांचा खांब ठेवतस. हातान दोरी धरतस. घड्याल बघतस. मंग दोरी दाबतस आनि दिवा पेटतो. तू येत नाय त्या दिसाला पेटत नाय. मी बघलंय ना. एकदा न्हय, सगल्या टायमाला."

तिचं काहीच चुकत नव्हतं, आणि ते कासिमभाईंना फार विचित्र वाटलं. खालून पाहणाऱ्याला तसंच दिसलं असणार. इतके दिवस ज्या दिव्यामागं ते माणूस शोधत होते, त्या दिव्यामागं तिला ते स्वतः दिसले होते.

"तुम्हाला काय हवंय, बाई?" तस्नीमनं विचारलं.

"माना नको काय. माज्या पोऱ्याला." तिनं खाडीच्या दिशेला मान हलवली. "ज्योतिबा. होडी घेऊन गेलता. होडी गावली, त्यो नाय गावला. लोक बोलले, बुडला. गावान तेराव्याचं जेवन घातलं. मी जेवली नाय. खाडी त्याच्या अंगनासारखी, त्यो कसा बुडंल? त्यो वाट चुकला. पयले पान्यावरून बघलं तं गावचा दिवा येगला दिसायचा. आता ह्या बिल्डिंगी. दिवंच दिवं. सगलं सारखंच. आपला कंचा, त्याला कसा कलंल?"

ती थोडी पुढं सरकली.

"तुजा दिवा येगला हाय. तसा दुसरा नाय. एकदा खाडीच्या तोंडाला लाव, भाय. खाली लाव, पान्याजवल. काल मी हात केला तुला, जरा थांब म्हनून, लवकर नको इझवू म्हनून. तू बघलंच नाय."

तस्नीम दाराची चौकट धरून उभी होती. तिचा नवरा त्या वेळी कुठल्याशा समुद्रावर होता आणि गेल्या जुम्म्यानंतर त्याचा फोन आला नव्हता. तसं त्यात नवीन काही नव्हतं, जहाजावरच्या माणसाचा फोन असाच येतो. पण ती म्हातारीच्या पायांवरचा चिखल पाहत होती आणि तिला नजर हलवता येत नव्हती.

कासिमभाई गोजराबाईसमोर जमिनीवर बसले. त्यांनी सगळं समजावून सांगितलं. उपग्रह, पाटी, आरसा. मी लावत नाही, मी फक्त फोटो काढतो. मी गच्चीवर नसलो तरी तो लागेल. मला वेळ आधी कळते, एवढंच.

"मंग कोन लावतो?"

"सूर्य. सूर्याचं ऊन पडतं त्याच्यावर."

"सूर्य तं तवा बुडलेला असतो."

"आपल्याला बुडालेला दिसतो, बाई. इतक्या उंचावरून तो दिसतच असतो. बुडाला तरी असतो."

बोलून गेल्यावर त्यांना कळलं, आपण काय बोललो ते. गोजराबाई त्यांच्याकडं पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही, फोटोतल्यासारखंच.

"बुडाला तरी असतो," ती म्हणाली. भिंतीला हात देऊन ती उठली. "तेच तं मी गावाला सांगतंय."

*

पुढं महिनाभर कासिमभाई गच्चीवर गेले नाहीत. ईद झाली. रमीजचा फोन आला, चांगला हसून बोलला, शीरखुर्म्याची आठवण काढली. फोन ठेवल्यावर तस्नीम म्हणाली,

"अब्बा, मी त्या बाईंना दिवस सांगून आले."

"कसला दिवस?"

"खाडीच्या तोंडावर येतोय एक. अगदी खाली, क्षितिजाजवळ. मी वाशीला बघून आले. आज आहे. मगरिबनंतर."

कासिमभाईंचा चेहरा उतरला. "तुला कळतं का तू काय केलंस? तिला खोटी आस लावलीस."

"मी खोटं काय बोलले? दिवा येणार, तर येणार म्हणून सांगितलं." तिचे डोळे भरले होते. "वाट बघणाऱ्याला कोणी दिवस सांगत नाही, अब्बा. निदान दिवस तरी सांगावा."

आज नेमकी त्या वेळेला भरती होती. ते कासिमभाईंना कोणी सांगावं लागत नव्हतं. दिवा पाण्याजवळ लागेल, आणि ती म्हातारी त्याच्यामागं पाण्यात उतरेल. नमाज आटोपताच त्यांनी चपला घातल्या. कॅमेऱ्याची पिशवी खुंटीला होती. ती त्यांनी घेतली नाही.

गोजराबाई पार शेवटच्या बांधावर उभी होती, जिथं पहिल्या फोटोत तो खांब होता. बांध इतका अरुंद की दोन माणसं शेजारी उभी राहू शकत नव्हती. दोन्ही अंगांना भरतीचं पाणी तिवरांच्या मुळांतून वर चढत होतं, आणि चिखलात निवट्या मासळ्या पट्‌पट् उड्या मारत होत्या. पाठीमागं वाशीपासून नेरुळपर्यंत दिव्यांची रांग लागली होती. कासिमभाईंनी मागं वळून आपली सोसायटी शोधली. सगळ्या इमारती सारख्याच होत्या. त्यांना ती सापडली नाही.

"आलास," गोजराबाई म्हणाली. "आज दोरी नाय आनली?"

"दोरीची गरज नाही, बाई. तुम्ही पाण्यात उतरायचं नाही. माझं ऐका."

"मी कशाला उतरू? त्यो येनार, मी नाय जानार."

तरी ते तिच्या लगत मागं, हात पोचेल असे उभे राहिले. वारा पडला. निवट्यांचा आवाजही कधी थांबला ते कळलं नाही.

खाडीच्या तोंडावर, पाण्याला जवळजवळ टेकून, एक ठिपका सरकू लागला. गोजराबाईला तो कासिमभाईंच्या आधी दिसला. तिनं छाती भरून श्वास घेतला. ठिपका फुगला, पांढरा झाला, आणि पाण्यावर त्याची एक लांब वाट उमटली, थेट बांधापर्यंत.

"ज्योत्याऽऽ! ए ज्योत्याऽऽ! हिकरं! हिकरं रंऽऽ!"

एवढ्याशा देहातून तो आवाज कसा निघाला, कोण जाणे. तो पाण्यावरून गेला आणि कशावर आपटून परत आला नाही. ती एक पाऊल पुढं झाली. कासिमभाईंनी तिचं मनगट धरलं. ते बर्फासारखं गार होतं. तिनं ओढलं नाही, सोडवलं नाही. ती समोर पाहत राहिली. उजेड मंद होत गेला. मग काळोख झाला, आधी होता त्याहून दाट.

पाण्याचा आवाज आला. भरतीचं पाणी कोंडीत शिरताना असा आवाज करतं, हे कासिमभाईंना ठाऊक होतं. त्यांनी तो हजारदा ऐकला होता. तो आवाज बांधाजवळ आला आणि थांबला.

गोजराबाईच्या मनगटातला ताण गेला. तिनं दुसऱ्या हातानं, एखाद्या पाहुण्याचा हात सोडवावा तसा, कासिमभाईंचा हात अलगद बाजूला केला आणि ती मागं वळली.

"भाय, जरा वाट दे."

तिचा आवाज साधा होता. कामावरून घरी निघालेल्या बाईचा. बाजूला व्हायला जागाच नव्हती. कासिमभाई बांधावरून चिखलात उतरले. पाणी घोट्यांना लागलं. ती त्यांच्यासमोरून गेली, पावलं मोजून टाकत, बांधाच्या अगदी मधोमध. ती पुढं गेल्यावर त्यांनी वर चढायला बांधावर हात टेकला.

"त्यालाबी," गोजराबाई न वळता म्हणाली.

कासिमभाईंनी हात मागं घेतला. ते चिखलात तसेच उभे राहिले. पाणी पोटऱ्यांपर्यंत आलं. बांधावर त्यांना काही दिसत नव्हतं, आणि पाहावं असंही त्यांना वाटलं नाही. अरुंद वाटेवर कोणी समोरून जाताना माणूस करतो तसं त्यांनी अंग चोरलं आणि अदब म्हणून मान खाली घातली.